प्रश्न फक्त रँकिंगचा नाही

एसईओसाठी, म्हणजे आपली साइट गूगलच्या निकालांत वर आणण्यासाठी, दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक विकत घेतल्या तर फार तर रँकिंग घसरेल, कायद्याचा संबंध येत नाही, असं म्हटलं जातं. लिंकपुरतं ते बहुतेक वेळा खरं आहे. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट डोअरवे पानांमुळे (फक्त सर्च इंजिनसाठी बनवलेली, वाचकाला दुसरीकडे पाठवणारी पानं) गूगलनं निकालांतून काढली होती. तो सर्च इंजिनचा निर्णय होता, कोर्टाचा नव्हे.

पण एजन्सी विकतात त्या एसईओच्या पॅकेजमध्ये लिंकसोबत रिव्ह्यूही येतात, आणि तिथे चित्र बदलतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार खोटे रिव्ह्यू लिहिणं, विकणं आणि विकत घेणं या तिन्हींवर बंदी आहे. म्हणजे एजन्सीही अडकते, फक्त ग्राहक नाही. दुसऱ्याचा मजकूर उचलला तर कॉपीराइट आड येतो. हॅक केलेल्या साइटवर लिंक पेरणं तर सरळ गुन्हाच.

मला सर्वांत जास्त खटकते ती ग्राहकापासूनची लपवाछपवी. साइट त्याची, नाव त्याचं, आणि काय केलं गेलं हे त्यालाच ठाऊक नसतं. पद्धती करारात लेखी मागा आणि सर्च कन्सोलची (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) मालकी स्वतःच्या खात्यावर ठेवा. मॅन्युअल अ‍ॅक्शनची, म्हणजे गूगलनं साइटवर केलेल्या कारवाईची, सूचना तिथेच दिसते.