अर्ध्या विटेच्या भिंतीत पुस्तकांसाठी कोनाडे करता येतील का?

प्रश्न
आमची बैठक आणि शयनगृह यांच्यामधली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे विटेच्या रुंदीइतकीच जाड असून गिलाव्यासह तिची जाडी सुमारे ५ इंच भरते. कपाट ठेवल्यास जाण्यायेण्याची वाट अडते, म्हणून पुस्तकांसाठी या भिंतीतच कोनाडे करण्याचा विचार आहे. ते जमेल का, आणि त्याआधी काय तपासावे?

पहिले उत्तर
कृपया नुसते कोरून कोनाडा करू नये. दोन इंच आत गेल्यावर मागे जेमतेम दोन-अडीच इंच वीट आणि पलीकडचा गिलावा उरतो. छन्नीच्या ठोक्यांनी शयनगृहाच्या बाजूला तडे जातात आणि तेवढ्या जागेत पुस्तक मावतही नाही. त्यापेक्षा तेवढा भाग आरपार उघडून पाठीमागे सिमेंट बोर्ड लावणे बरे. अशा वेळी आधी फक्त वरचा एक थर काढून लिंटेल (वरच्या विटांचा भार पेलणारी आडवी तुळई) बसवावे, त्याला दोन्ही बाजूंना निदान ६ इंच टेकू मिळेल असे पाहावे, मसाला पूर्ण घट्ट होऊ द्यावा आणि मगच कडा ग्राइंडरने कापून खालच्या विटा एकेक करून सोडवाव्यात. हा क्रम उलटा झाला, तर वरच्या विटा सुटू लागतात.

दुसरे उत्तर
त्याही आधी भिंत भार पेलते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या. भिंत पातळ आहे म्हणजे ती केवळ आडोशाची आहे, असे गृहीत धरू नये. भिंत काँक्रीटची निघाली, तर विषय तिथेच सोडावा. वायरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत गेलेल्या असतात, म्हणून त्या पट्ट्यात कोनाडा नको. पलीकडे नळ असल्यास पाइपही शोधावा.

प्रश्नकर्ता
आरपार उघडूनही साडेचार इंचच मिळतील. मोठी पुस्तके कशी ठेवावीत?

तिसरे उत्तर
ती ठेवायची असतील, तर कोनाड्याभोवती लाकडी चौकट करून ती भिंतीपुढे ३ ते ४ इंच काढावी. एकूण आठेक इंच मिळतात आणि बहुतेक पुस्तके त्यात आरामात बसतात. वाट मात्र कपाटाच्या मानाने फारच थोडी अडते. पुस्तके जड असतात, त्यामुळे फळ्यांचा भार पाठीच्या बोर्डावर न टाकता बाजूच्या चौकटीवर घ्यावा आणि फळीची लांबी अडीच फुटांपेक्षा अधिक ठेवू नये, नाहीतर ती मध्ये झुकते. पाठीचा बोर्ड पातळ असल्याने आवाज पलीकडे जाईल. शयनगृहात शांतता हवी असेल, तर पाठीला एकाऐवजी दोन बोर्ड लावून त्यांच्यामध्ये खनिज लोकर (आवाज शोषणारा तंतुमय थर) भरावी, मग त्यासाठी एखादा इंच गेला तरी चालेल. कोनाड्यात दिवा हवा असल्यास त्याची वायर गिलाव्यापूर्वीच ओढून घ्यावी.