अण्णाचं गिफ्ट (अण्णाले सांगू नका)

पुण्याची ताई: सगळ्यांना नमस्कार. हा वेगळा ग्रुप यासाठी केला की फॅमिली ग्रुपवर अण्णाकाका स्वतः आहेत. ३० नोव्हेंबरला ते शाळेतून रिटायर होतायत तर सगळ्यांनी मिळून काहीतरी चांगलं देऊ. ते रोज ध्यानाला बसतात म्हणून मी एक सेट बघितलाय, बुद्धाची मूर्ती, सुगंधी मेणबत्त्या, १०८ मण्यांची माळ आणि तो वाजवायचा तिबेटी वाडगा, पॅकिंग इतकं छान आहे ना. साडेचार हजार. ऑर्डर करू का?

आत्याबाई अकोला: दिसते तर मस्त वो ताई. पन मूर्ती नको बाप्पा. वास्तुपूजेत तीन बुद्ध अन् पाच विठ्ठल-रखुमाई आले त्यायच्याकडे, शोकेसचं दार लागत नाही.

बाप्पू: वाडगा आना. ढोरायले ढेप चारतानी वाजवीन मी

यवतमाळचे मामा: राम राम मंडळी. मी अण्णाभाऊजीसोबत माहुरझरीले विपश्यनेच्या कोर्सले बसलो होतो, नागपूरपाशी धम्म नाग केंद्र हाये ना तिथं, म्हनून बोलतो, नाहीतर मले काय समजते. तिथं कोर्स चालू असला की माळ, अगरबत्ती, मंत्र, पूजा, उपास सगळं बंद राह्यते. गोयंका गुरुजीची पद्धत अशी का पह्यले साडेतीन दिवस नुसता श्वास पाहाचा, येते कसा जाते कसा, अन् मंग अंगावरच्या संवेदना पाहाच्या. काही म्हनाचं नाही, काही मोजाचं नाही. आता अशा मानसापाशी गुलाबाच्या वासाची मेनबत्ती लावसान तर त्यानं श्वास पाहाचा का वास घ्याचा? माळ वाईट हाये असं नाही. आपल्या जीजी गजानन महाराजाचं नाव घेत बसतात, त्यायले द्या, त्यायच्या कामाची हाये. ज्याची जशी रीत तसं द्याव लागते.

जीजी: मले हाये माय. दोन हायेत.

पुण्याची ताई: ओके मामा, हे माहीत नव्हतं. मग ध्यानाच्या ॲपची वर्षाची मेंबरशिप? त्यात घंटी वाजते, किती दिवस सलग बसलात ते दिसतं...

काकू: नको गं बाई. ॲपसाठी मोबाईल जवय घेऊन बसतीन अन् शाळेच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फुलं पाहत राह्यतीन. आता कुठं रात्री मोबाईल पेटीत ठेवाची सवय लागली यायले.

पुण्याची ताई: मग त्यांच्या नावाने केंद्रालाच देणगी देऊ, ते तर आवडेल त्यांना

यवतमाळचे मामा: आवडन, पन घेत नाहीत. राह्यनं जेवनं फुकट अन् शिकवाची फी नाही, अन् दान फक्त त्याच्याच हातचं घेतात ज्यानं एक तरी दहा दिवसाचा कोर्स पूरा केला. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मधी सुरू झालं, आता कुठं कुठं केंद्र झाले, पन गोयंका गुरुजीच्या सगळ्याच केंद्रात हा नियम. म्हंजे या ग्रुपात देनारा मी एकटाच. अन् मी सध्या तुरीच्या फवारनीत कंगाल हावो.

जावईबापू नागपूर: काकू, तुम्हीच सांगा न, बसताना त्यांना त्रास कशाचा होऊन राहिला? तिथून सुरुवात करू.

काकू: सांगतो. पहाटे चारले उठतात, माजघरात सतरंजी टाकतात अन् खालून उशी दुमडून घेतात, अर्ध्या तासात ते उशी पापडावानी चपटी होते, पाय झिनझिनतात अन् उठतानी भिताड धरून आई गं आई गं. दुसरं म्हंजे डास. मांगं नाली हाये अन् आता हरभऱ्याले पानी चालू, डासच डास. मी ते बॅट घेऊन चट चट करत फिरत होती तं उठल्यावर मले म्हने जीव मारू नको. बरं म्हटलं, कॉइल लावली, तं धुरानं खोकलत बसले. आता दोन्ही बंद, अन् हे दोन टाईम डासायले जेवन देऊन राह्यले. अन् तिसरं, बाप्पू, तुले वाईट वाटन पन तू चारलेच फाटकावरून काकू चाबी काकू चाबी करत बोंबलतं.

बाप्पू: काकू या हप्त्यात लाईनच रात्रीची हाये, थ्री फेज आली का मोटार लावाच लागते नाहीतर पाळी गेली. अन् मोटारीच्या पेटीची चाबी तुमच्या खुंटीले. मी काय करू

आत्याबाई अकोला: डुप्लिकेट कर ना रे येड्या. पन्नास रुपयाचं काम. हेच एक गिफ्ट झालं.

यवतमाळचे मामा: बैठकीचं मी सांगतो. बुडाखाली चार ते सहा इंच उंच अन् टनक पाह्यजे, म्हंजे गुडघे कमरेच्या खालतं जातात अन् पाठ आपोआप सरय राह्यते, जोर लावा लागत नाही. फोमची घेऊ नका, फोम दबते अन् मानूस एका बाजूनं कलते. गोल खोय शिवा, जाड कापड, चेन लावजा, अन् कापूस ठासून भरा. कापूस बसला का चेन उघडून पिंजून पुन्हा भरता येते. खाली दुसरी चौकोनी पातय गादी, घोट्याले फरशी लागत नाही. ऑनलाईनवाल्या चकचकीत राह्यतात पन उघडता येत नाहीत, दबल्या का फेकून द्या.

बाप्पू: कापूस तं घरचा हाये. जिनिंगवरून दोन किलो रुई आनतो, आपल्या वावरातल्याच कापसाची. काकाले समजलं का आपल्याच कापसावर बसले हाये तं खुश होतीन. तसाही बाजारभावानं काही होऊन नाही राह्यलं त्याचं

जीजी: सावरीचा भर. सावरीचा कापूस लवकर दबत नाही अन् हलका राह्यते. मह्यापाशी उन्हाळ्यातला पोतं भरून ठेवला हाये. खोय मी शिवतो.

जावईबापू नागपूर: गुडघ्यांसाठी लाकडी बाकडं पण येते, सात-आठ इंच उंच, समोर थोडं उतरतं. वज्रासनासारखं बसायचं, पाय बाकड्याखाली आणि वजन बाकड्यावर. सुतार एका दिवसात करून देईन, सागवान आहे माझ्याकडे.

काकू: त्यात गुडघा पूरा दुमडते जावईबापू. यायले इंडियन संडासात बसनं होत नाही.

जावईबापू नागपूर: मग राहू द्या. तसं लयच दुखलं तर साध्या खुर्चीवर बसलं तरी चालते ना मामा?

यवतमाळचे मामा: चालते ना, केंद्रातही देतात खुर्ची ज्याले त्रास हाये त्याले. पन भाऊजी मास्तर हायेत, खुर्चीवर बसले का हजेरी घ्यावं वाटन त्यायले.

पुण्याची ताई: डासांसाठी ती फोल्डिंगची मच्छरदाणी बघतेय, तंबूसारखी उघडते ती. सिंगल घेतली तर पुरेल ना?

जावईबापू नागपूर: उंची पाहून घे. झोपायच्या बऱ्याच मच्छरदाण्या बुटक्या राहतात, बसलं की डोकं जाळीला टेकते अन् डास बाहेरून डोक्यालाच चावते. काकू, उशीवर बसवून जमिनीपासून टाळूपर्यंत माप घ्या, त्यावर एक हात तरी जास्त पाहिजे. खालून पण जाळी असलेली घे, नाहीतर सतरंजीखालून घुसतात.

आत्याबाई अकोला: अन् शाल? थंडी पडून राह्यली, न हलता बसलं का अंग गार पडते.

काकू: शाल आनली तं पाहा. निरोप समारंभात शाली अन् नारयाचा ढीग लागन, त्या चमकीच्या शाली कोनाच्या कोनाले देऊ हे आत्ताच टेन्शन हाये मले. द्याचं तं ढिल्या सुती कपड्याचे दोन जोड द्या. अन् ते पॅराशूटच्या कापडाचं जॅकेट कोनी आनू नका.

यवतमाळचे मामा: हो, ते लय महत्त्वाचं. मागल्या वेळेस मह्या बाजूले एक जन तसंच जॅकेट घालून होता, हालला का चर्रर्र, खाजवलं का चर्रर्र, अन् मौन असल्यानं सांगताही येत नाही. नवव्या दिवसापर्यंत म्या संवेदना कमी अन् ते जॅकेटच जास्त पाह्यलं.

जावईबापू नागपूर: कुर्ता-पायजम्याचं माझ्याकडे. पुढच्या हप्त्यात वर्ध्याला काम आहे, मगन संग्रहालयातून खादीचे आणतो. गांधीजींनी १९३८ मध्ये उघडलं ते, सेंद्रिय कापूस अन् नैसर्गिक रंग वापरतात. माप एक्सएल ना?

काकू: एक्सएलच. पन खरं सांगू का, यायचं मन वेगळ्यातच हाये. पुन्हा एकदा कोर्सले जाव म्हंतात. शाळा होती तवा सुट्टी फक्त दिवाळीत अन् उन्हाळ्यात, दिवाळीत कापसाची वेचनी, उन्हाळ्यात इकडं पंचेचाळीस डिग्री अन् लग्नं. आता शाळा सुटन तं हरभऱ्याचं पानी अन् गाय. दहा दिवसाचा म्हंतात पन जायाचा यायाचा धरून बारा दिवस जातात. मले म्हने तुले एकटीले टाकून कसा जाऊ. मोबाईलही जमा करतात.

बाप्पू: मंग हेच देऊ ना. गाय अन् पानी मी पाह्यतो. दोन वावरं पाहाचे तं तीन पाहीन, लाईन तं एकाच टायमाले येते

आत्याबाई अकोला: अन् वहिनीजवय मी येऊन राह्यतो. तिकडं ऑफिसचा नंबर देतात, काही झालं तं निरोप पोचवतात, नाही का मामा?

यवतमाळचे मामा: देतात. पन एक हाये, फॉर्म ज्याचा त्यानंच भरा लागते, तब्येतीचे प्रश्न राह्यतात त्यात, बीपी, गोळ्या, सगळं. म्हनून बुकिंग करून सरप्राईज देतो म्हनसान तं जमत नाही. त्यायले आधीच सांगा लागन. अन् लवकर सांगा, जागा भरतात.

पुण्याची ताई: म्हणजे समारंभात उशी आणि कपडे द्यायचे, मच्छरदाणी घरी द्यायची, आणि बारा दिवसांचं घरी बसून सांगायचं. माझा साडेचार हजारांचा सेट कॅन्सल. तेवढ्यात मच्छरदाणी आणि आत्याचं येण्याजाण्याचं भाडं होतंय, ते मी देते.

आत्याबाई अकोला: भाडं कायचं, लाल डब्ब्यात बायायले अर्धं तिकीट हाये.

काकू: माप घेतलं आत्ताच. उशी दुमडून बसले होते, साडेतीन फूट भरलं. मले विचारे काऊन मोजून राह्यली, म्हटलं पडदे शिवाचे हाये. आता पडदेही शिवाव लागतीन, जीजी कापड उरलं तं पाह्यजा.