प्रथिनांचा 'क्षय', 'विघटन' की 'मोड'?

माझ्या आत्याला मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. बोर्टेझोमिबची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा तिनं विचारलं, "हे औषध आत जाऊन करतं तरी काय?" शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं, पण वाचन दांडगं. मी भाषांतराचं काम करते, म्हणून तिच्यासाठी दोन पानं मराठीत लिहून काढली. त्यात एक वाक्य होतं : 'हे औषध पेशीतील प्रथिनांचा क्षय रोखते.' दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. "अगं, मला क्षयसुद्धा झालाय का? डॉक्टर तर काही बोलले नाहीत." रात्रभर झोपली नव्हती ती, माझ्या एका शब्दापायी.

तेव्हापासून 'प्रोटीन डिग्रेडेशन'साठी, म्हणजे पेशीनं आपलीच प्रथिनं तोडण्यासाठी, नीट शब्द शोधते आहे. 'ऱ्हास' म्हटलं की जंगलांचा नाहीतर नीतिमूल्यांचा ऱ्हास आठवतो. आपोआप होणारं, नकोसं, उतरणीला लागलेलं काहीतरी. 'अवनती'चंही तेच. पेशीत घडतं ते याच्या अगदी उलट आहे. युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं (प्रथिनं ज्या घटकांची बनतात ते) एक इवलं प्रथिन असतं. जे प्रथिन घालवायचं त्याला ते जोडलं जातं, त्याच्यावर दुसरं, मग तिसरं. साधारण चार कड्यांची साखळी झाली की प्रोटिअसोम नावाचं पिंपासारखं यंत्र त्या प्रथिनाला आत ओढून बारीक तुकडे करतं. युबिक्विटिन मात्र सुटून पुन्हा कामाला लागतं. हे उलगडल्याबद्दल सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या निगुतीनं चालणाऱ्या कामाला 'क्षय' म्हणायचं? पुण्यात एवढी शब्दवेडी माणसं आहेत, कृपया सुचवा.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोथरूड

'विघटन' आहे की! मुलांच्या ओळखीचा शब्द आहे, पाठ्यपुस्तकात आहे, तो सोडून नवीन कशाला घडवायचा? आधीच एका गोष्टीला दोन शब्द करून ठेवलेत आपण. शाळेत 'पेशी' शिकवायची आणि विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय केंद्राच्या नावात 'कोशिका' वाचायची. मुलं विचारायची, बाई, या दोन वेगळ्या का?

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा. पोटात अन्नातली प्रथिनं पचतात तेव्हा त्या तोडण्याला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन, लागत नाही. पेशीच्या आत स्वतःचीच प्रथिनं तोडायला मात्र लागतं. हे कोडं १९५०च्या दशकातच लक्षात आलं होतं : मोडायला ऊर्जा कशाला हवी? कोणाला मोडायचं आणि कोणाला नाही, ही निवड करायला ऊर्जा खर्च होते, हे उत्तर पुढे मिळालं.

धागाकर्ती

बाई, 'विघटना'ची माझी अडचण त्याच पुस्तकातली आहे. तिथे विघटन होतं ते पालापाचोळ्याचं आणि मेलेल्या जिवांचं. इथे पेशी जिवंत आहे आणि जगण्यासाठीच हे करते आहे.

पेशीविभाजनावर पीएचडी करणारी, पाषाण

आम्ही प्रयोगशाळेत मराठीत बोलतानाही सरळ 'डिग्रेड होतं' म्हणतो. पण 'होतं' म्हटलं की कर्ता गायब होतो. आमचा सगळा अभ्यास त्या कर्त्याचाच : कोणी, कोणाला, कोणत्या घटकेला. त्यामुळे शब्द असा हवा की ज्याला 'करणारा' सहज लागेल. 'ऱ्हास'ला तो लागत नाही.

घटकेचं महत्त्व सांगते. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वुड्स होल इथे टिम हंट सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची फलित अंडी तपासत होते. एक प्रथिन साठत जायचं, आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसं व्हायचं. पुन्हा साठायचं, पुन्हा नाहीसं. त्याचं नाव सायक्लिन, आणि २००१ च्या नोबेलमध्ये हंट यांचा वाटा त्याचाच. सायक्लिन वेळेवर गेलं नाही तर पेशी विभाजनातून बाहेर पडू शकत नाही. म्हणजे त्याचं जाणं हाच पुढच्या पायरीचा हुकूम. याला 'ऱ्हास' म्हणणं मलाही पटत नाही.

तांबट आळीत वाढलेला

विज्ञानातलं मला फार कळत नाही, पण हे वाचून आजोबांचं दुकान आठवलं. गिऱ्हाईक जुना, भोक पडलेला हंडा घेऊन यायचं. आजोबा तो वजन करायचे, मोडीचा भाव लावायचे, आणि ती रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करायचे. याला 'भांडं मोडीत घालणं' म्हणतात. हंडा गेला तरी तांबं जात नाही. भट्टीतून निघून त्याचंच उद्या दुसरं काहीतरी होतं. आणि भट्टीला कोळसा लागतोच, फुकटात मोडत नाही काही. बाईंनी ऊर्जेचं लिहिलं म्हणून सांगितलं.

मोडीत घालायचं भांडंही घरातली बाई निवडून काढायची. समोर येईल ते दिलं असं नाही.

धागाकर्ती

दादा, हे वाचून मी खुर्चीतून उठले! निवड आहे, खर्च आहे, माल परत वापरात येणं आहे. प्रोटिअसोमनं केलेल्या तुकड्यांची पुढे सुटी अमिनो आम्लं होतात आणि त्यांतून पेशी नवी प्रथिनं बांधते. शिवाय आपण 'शंभराची मोड आहे का?' असंही विचारतो. एका मोठ्या नोटेचे सुटे, पुढे हवे तसे खर्चता येणारे. प्रथिनाच्या साखळीतून सुटलेल्या अमिनो आम्लांना याहून नेमकी उपमा मला तरी सुचत नाही. 'दागिना मोडला', 'एफडी मोडली' यांतही कर्ता आहे, हेतू आहे. गरज पडली म्हणून विचार करून मोडलेली वस्तू ती.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोथरूड

सुंदर आहे, पण 'प्रथिन' आणि 'मोड' हे शब्द शेजारी आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोड आलेली मटकी येणार! दुसरं असं की 'माझं म्हणणं मोडीत काढलं' यात अवहेलना आहे, आणि 'मोडतोड' म्हणाल तर ती दंगलीतली. विचार करा.

धागाकर्ती

दोन्ही आक्षेप खरे आहेत, त्यावर दोन दिवस घालवले. अंकुर या अर्थाचा मोड पुल्लिंगी, 'मोड आले'. सुट्या पैशांची आणि जुन्या भांड्यांची मोड स्त्रीलिंगी. 'मोडीत' हे रूप स्त्रीलिंगीचंच आहे, त्यात मटकी डोकावत नाही. म्हणून नुसतं 'प्रथिनांची मोड' न लिहिता पूर्ण क्रियापद वापरावं. आणि 'मोडीत काढणं' नको, 'मोडीत घालणं' हवं. पहिल्यात तुच्छता शिरली आहे, दुसरं अजून व्यवहारातलं, स्वच्छ राहिलं आहे. हा फरक मला स्वतःला या चर्चेआधी जाणवला नव्हता.

पेशीविभाजनावर पीएचडी करणारी, पाषाण

माझ्या विषयावर घासून बघते. गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती एकमेकींना कोहेसिनच्या कड्यांनी बांधलेल्या असतात. त्या कड्या कापणारं सेपरेज नावाचं प्रथिन तयार असतं, पण सिक्युरिन या दुसऱ्या प्रथिनानं त्याला धरून ठेवलेलं असतं. सगळ्या प्रती नीट जागेवर आल्या की पेशी सिक्युरिन मोडीत घालते, सेपरेज मोकळं होतं, कड्या तुटतात, आणि दोन्ही प्रती दोन टोकांना निघतात. बसलं की वाक्य!

आता कर्करोग. पी-२७ हे प्रथिन म्हणजे विभाजनाचा ब्रेक. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या अनेक कर्करोगांत त्याचं जनुक शाबूत असतं, तरी प्रथिन कमी भरतं, कारण ते वाजवीपेक्षा जास्त मोडीत जातं. त्यावर बोट ठेवून 'हे घाला' म्हणणारं प्रथिन एसकेपी-२, एफ-बॉक्स कुटुंबातलं. माणसात अशी सुमारे ७० आहेत, मोडीचा माल पारखणारी. याच कुटुंबातलं एफबीएक्सडब्ल्यू-७ बिघडलं तर मात्र उलटं होतं. सायक्लिन-ई आणि मिक ही विभाजनाला रेटणारी प्रथिनं मोडीत जायची ती घरातच साठतात. म्हणजे एकीकडे नको ते मोडीत गेलं, दुसरीकडे जायचं ते राहिलं, आणि वाढ दोन्हीकडे बेबंद. 'ऱ्हास' वापरला असता तर हे दुसरं उदाहरण सांगताच आलं नसतं, कारण 'ऱ्हास थांबला' हे आपल्या कानाला चांगलंच वाटतं.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोथरूड

मान्य. मथळ्यात आणि परीक्षेत 'विघटन' राहू दे, समजावून सांगताना 'मोडीत घालणे'. माझी नात यंदा दहावीला आहे, तिला मी आजच असं सांगणार.

धागाकर्ती

मलाही हीच वाटणी योग्य वाटते. आत्याची दोन पानं काल पुन्हा लिहिली. आता तिथे असं आहे : 'पेशी आपली नको असलेली, बिघडलेली प्रथिनं मोडीत घालते. प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडं बनवतात, त्यामुळे तिथे प्रथिनांचा राबता मोठा, आणि बिघडलेला मालही बराच. हे औषध मोडीची भट्टी अडवतं. रोगट पेशीत तो माल साचत जातो आणि ती मरते. हे औषध २००३ पासून या आजारासाठी वापरात आहे.'

आत्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आणि माझ्या चांगल्या पेशींची भट्टी?" अडते, त्यांचीही थोडी अडते, म्हणून तर हातापायांना मुंग्या येतात आणि मध्ये सुट्टीचे दिवस असतात, असं मी सांगितलं. तिनं पानाच्या कडेला पेन्सिलीनं 'मुंग्या – भट्टी' असं लिहून ठेवलं.