दवाखान्यातलं बीपी खरं की घरचं?

फोंड्याचा फार्मासिस्ट
दवाखान्यात एकदा घेतलेल्या बीपीवर गोळी सुरू करणं किंवा वाढवणं मला पटत नाही. ओपीडीत माणूस बसमधून उतरून, केसपेपरच्या रांगेत उभा राहून आत येतो. स्टुलावर बसला की पाठीला टेका नाही, बाही वर सरकवल्यामुळे दंडाला आवळलेली, हात मांडीवर. पट्टा फुगत असतानाच विचारतात, "झोप लागते का?" नुसत्या बोलण्याने वरचा आकडा 10 ने चढू शकतो, तुंबलेल्या लघवीने जवळपास तेवढाच. हात मांडीवर असेल तर साधारण 4, खाली लोंबता असेल तर 6-7 जास्त येतात. मग 148 दिसलेला माणूस मुळात 130 चा असला तर नवल काय?

घरी आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजा, मध्ये एक मिनिट जाऊ द्या. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं टेकून शांत बसा. सकाळचं बीपी गोळीच्या आधी घ्यायचं. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती 135/85 च्या खाली असेल तर दवाखान्यातल्या 140/90 वर कशाला धावायचं?

निवृत्त परिचारिका, डिचोली
धावायचं नाही, पण त्या डबीवर इतका विश्वास कसला? घरचं यंत्र काही ऐकत नाही. पट्टा सैल होत जाताना त्यातली हवा नाडीबरोबर थरथरते, ती थरथर सगळ्यात मोठी होते तो सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या गणितातून निघतो. नाडी अनियमित असेल, हात कापत असेल तर गणित चुकतं.

स्टेथोस्कोप लावून कानाने घ्यायची रीत अशी. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. आधी मनगटाची नाडी धरून फुगवायचं, नाडी गेली की आणखी 30 वर न्यायचं. ही पायरी गाळली तर काही म्हाताऱ्या माणसांत आवाज मधेच गायब होतो आणि 180 चं बीपी 150 लिहिलं जातं. मग सेकंदाला 2 या वेगाने सोडायचं. पहिली टकटक आली तो वरचा, आवाज पूर्ण थांबला तो खालचा. रशियन डॉक्टर कोरोत्कोफने 1905 मध्ये हेच आवाज सांगितले. घरच्या यंत्राचा आकडाही याच्याशीच ताडून बघतात ना?

फोंड्याचा फार्मासिस्ट
रीत शंभर टक्के बरोबर. पण सेकंदाला 2 म्हणजे 180 वरून 80 वर यायला पन्नास सेकंद लागतात. गर्दीच्या ओपीडीत पन्नास सेकंद कोण देतो? आणखी एक बघा. तबकडीवर दर 2 ला रेघ असते, म्हणजे शेवटी शून्य पाचात एकदाच यायला हवं. कुठलीही जुनी नोंदवही उघडा, 140/90, 130/80, 150/90 अशी शून्यांची रांग दिसेल. तो कान नव्हे, सवय आहे.

यंत्रदुरुस्ती, म्हापसा
दोघंही पट्ट्याबद्दल बोलत नाही आहात आणि खरी गडबड तिथेच असते. दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर 22 ते 32 सेंमी असं छापलेलं असतं. घेर 36 असताना तोच ओढूनताणून लावला तर बीपी जास्त दाखवतो, आणि दंड जितका जाड तितकी चूक मोठी, अगदी 20 पर्यंत. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, पण ग्राहक मागत नाही आणि दुकानदार सांगत नाही.

पाऱ्याची यंत्रं मिनामाता करारामुळे (पाऱ्याचा वापर कमी करण्याचा जागतिक करार) हद्दपार होत चालली, आता दवाखान्यांतही काट्याची यंत्रं. काटा आपटला की सरकतो आणि कुणाला कळत नाही. दोन तोंडांची नळी जोडून 50, 100, 150, 200 ला चांगल्या यंत्राशी ताडा. 3 पेक्षा जास्त फरक असेल तर काम करून घ्या. घरच्यांचं दुखणं वेगळं. आपल्या पावसाळ्यात वेल्क्रो सुटतो, रबरी नळी चिरते, सेलच्या पट्टीवर हिरवा गंज चढतो. यंत्र कपाटात ठेवताना सेल काढून ठेवत जा, एवढं तरी करा.

सत्तरी तालुक्यातला डॉक्टर
फार्मासिस्ट, तुमची सूचना चांगली, निष्कर्ष नाही. दवाखान्यात चढतं आणि घरी उतरतं त्याची उलटीही बाजू आहे: दवाखान्यात 128, घरी सरासरी 145. असा माणूस कुणाच्या नजरेत येत नाही आणि त्याच्या नसांवरचा ताण चालूच राहतो. शिवाय वहीत लोक आवडते आकडे लिहितात. 152 आलं की "चुकलं असेल", 134 आलं की नोंद. यंत्राची मेमरी दाखवा, वही नको. आणि पहिल्यांदा दोन्ही हातांवर घ्या. फरक 10 हून जास्त राहत असेल तर पुढे कायम जास्त आकड्याचा हात.

घरच्या आकड्यांचा मला खरा उपयोग होतो तो ऋतूप्रमाणे. मेच्या उकाड्यात नसा सैलावतात, घामातून मीठ जातं, बीपी उतरतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना अंधारी येते. अशा वेळी बसून एकदा, उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी मोजा. वरचा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर डोस बदलायला या, स्वतः गोळी बंद करू नका. पावसाळ्यात उलट. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली खारी मासळी, मिठातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), पेजेबरोबर लोणचं. दिवसाला जास्तीत जास्त 5 ग्रॅम मीठ म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तो दुपारपर्यंतच संपतो. एका दिवसाच्या आकड्यात हे दिसणार नाही, आठवड्याच्या सरासरीत दिसेल.

निवृत्त परिचारिका, डिचोली
मेमरीचं मान्य. पण घरात तिघं एकच यंत्र वापरतात, मग ती मेमरी कुणाची? त्यावर 1 आणि 2 असं वापरणाऱ्याचं बटण असतं, ते दाबायचं कुणी सांगत नाही. आणि नाडी अनियमित असलेल्याला तीन वेळा घ्यायला सांगा, एका आकड्यावर जाऊ नका. तरीही शंका राहिली तर मात्र कानच.