चर्चा: बायोडिझेलमध्ये हळद-नीलगिरीचा अर्क घालावा का?

केळीवाला_यावल: मंडळी, पटलं नाही तर तोंडावर सांगा. तापीकाठच्या आमच्या डिझेल इंजिनात चार वाटे डिझेल, एक वाटा करंजाच्या तेलापासून बनवलेलं बायोडिझेल असं घालून गेला उन्हाळा काढला. काळा धूर कमी झाला, हे शेजाऱ्यानेही मान्य केलं. पण फेब्रुवारीत भरलेला ड्रम मे महिन्यात उघडला, तर जुन्या लोणच्याच्या तेलासारखा वास आणि तळाशी चिकट साका. यावर हळदीतलं कर्क्युमिन, रोझमेरीचा अर्क, नीलगिरीचं तेल असं मिसळतात म्हणे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून आपण बाहेरची रसायनं का विकत घ्यायची?

मिस्त्री_शिरपूर: भो, कागदवर समदं गोड शे. एका गिऱ्हाइकाने हळदीची पूड थेट टाकीत टाकली होती. फिल्टर कापून पाहिला तर आत पिवळा लगदा, पिठल्यासारखा. कर्क्युमिन तेलात नीट विरघळत नाही, हे त्या बापड्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शिवाय बायोडिझेल स्वतःच जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या महिन्यात फिल्टर दोनदा बदलावा लागतो. जुने रबरी पाइपही फुगतात. वर आणखी जडीबुटी कशाला?

रसायनवाली_जळगाव: मिस्त्रीदादा, पूड आणि अर्क यांत फरक आहे. अर्क घालतात तो पीपीएममध्ये. हजार पीपीएम म्हणजे किलोला एक ग्रॅम. तेल खवट होताना साखळी अभिक्रिया चालते, ती हे पदार्थ मध्येच तोडतात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रयोगशाळेत ११० अंशांवर तापवलेल्या तेलातून हवा सोडत राहतात आणि ते किती तास तग धरतं ते मोजतात. युरोपच्या मानकाला ८ तास लागतात. सरकीच्या तेलात लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास, म्हणून ते लवकर बिघडतं. करंज थोडं बरं.

आता धुराचं. बायोडिझेलमध्ये ऑक्सिजन ११ टक्क्यांच्या जवळपास असतो, त्यामुळे काजळी घटते. पण नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू बहुधा किंचित वाढतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये २० टक्के बायोडिझेलच्या मिश्रणासाठी दिलेला अंदाज असा: काजळीचे कण सुमारे १० टक्के कमी, नायट्रोजन ऑक्साइड सुमारे २ टक्के जास्त. अँटिऑक्सिडंटने ही वाढ रोखता येते, मात्र कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन बऱ्याचदा वाढतं. एक हात दिला की दुसरा सुटतो.

मिस्त्री_शिरपूर: म्हणजे मीच बरोबर ना?

रसायनवाली_जळगाव: अर्धे! नीलगिरीच्या बाबतीत मात्र तुमच्या बाजूची. तिच्या तेलाने बायोडिझेल पातळ होतं, फवारा बरा बसतो. पण तिचा सिटेन, म्हणजे इंजिनात चटकन पेटण्याचा गुण, कमी; प्रमाण वाढलं की इंजिन खटखटतं. आणि किंमत डिझेलच्या कितीतरी पट.

अक्कलकुव्याची: तुम्ही सगळे करंज-सरकीतच अडकलात. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल घराघरात खातात. ते इंजिनात जाळायला माझा सरळ विरोध आहे. शिवाय थंडीत ते गोठतं. तोरणमाळला डिसेंबरच्या पहाटे त्याच्या बायोडिझेलवर ट्रॅक्टर चालू करून दाखवा, मग बोलू.

केळीवाला_यावल: ताई, मोहाला हात लावत नाही, वचन. पण खवटपणावर उपाय लागणारच ना? मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभंसुद्धा राहवत नाही.

रसायनवाली_जळगाव: आधी ड्रम शेडमधून काढा. भिंतीच्या सावलीत ठेवा आणि तोंडापर्यंत भरा, आत हवा राहू देऊ नका. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, त्याने तेल आणखी लवकर बिघडतं. तेलाचं बायोडिझेल बनवल्यावर ते नीट धुऊन सुकवलंत का? त्यात पाणी नि साबण राहिला असेल, तर कोणताही अर्क उपयोगाचा नाही.

केळीवाला_यावल: धुतलं दोनदाच. सुकवलं… नाही.

मिस्त्री_शिरपूर: हां. तो ड्रम इंजिनाजवळ आणू नकोस. आणि येताना जुना फिल्टर घेऊन ये, कापून दाखवतो.