उजनीच्या वरच्या भीमा खोऱ्याचा ताळेबंद ईआरए-५ वरून जुळत नाही

भीमाकाठ (प्रश्न)
नमस्कार. उजनी धरणाच्या वरच्या सुमारे १४,८०० चौरस किलोमीटर पाणलोटाचा वार्षिक जलताळेबंद मांडण्यासाठी मी ईआरए-५ या युरोपीय पुनर्विश्लेषणातील (म्हणजे संगणकीय हवामान मॉडेल आणि निरीक्षणे यांची सांगड घालून मांडलेल्या गतकाळाच्या हवामानातील) मासिक आकडे घेतले आहेत. पावसातून बाष्पीभवन वजा केल्यावर जे उरते, ते हवेतून खोऱ्यात आलेल्या निव्वळ बाष्पाएवढे असावे आणि धरणात आलेल्या पाण्याशीही त्याचा काही मेळ बसावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उरलेला आकडा पावसाहूनही मोठा येतो. चूक माझ्या गणितात आहे की विदेतच?

आकडेमोड
वजाबाकी करून आकडा वाढला, म्हणजे आधी चिन्ह तपासावे. ईआरए-५ मध्ये खाली येणारा प्रवाह धन आणि वर जाणारा ऋण धरतात, त्यामुळे बाष्पीभवनाचे आकडे मुळातच ऋण असतात आणि ते वजा केले की पावसात मिळवले जातात. मासिक आकडे मीटर प्रतिदिन असतात, तेव्हा महिन्याच्या दिवसांनी गुणायलाही विसरू नये. पुढे ईआरए-५-लँडचे (त्याच्याच फक्त जमिनीसाठीच्या, अधिक बारीक आवृत्तीचे) ताशी आकडे वापरलेत, तर ते ० यूटीसीपासून (जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून) साचत गेलेले असतात हे ध्यानात ठेवा. चोवीसही आकड्यांची बेरीज करणाऱ्याला पुण्यात चेरापुंजी सापडते.

भीमाकाठ
चिन्हाचीच चूक होती, आभारी आहे. तरीही बाष्पाच्या आवकीशी मेळ पूर्ण बसत नाही, आणि धरणात आलेले पाणी तर बरेच कमी दिसते.

सह्यकडा
पहिला फरक पूर्ण मिटणार नाही. पुनर्विश्लेषणात मॉडेल काही तास पुढे चालवतात आणि मग उपग्रह, फुगे, विमाने व भूस्थानके यांच्या निरीक्षणांकडे त्याला ओढून आणतात. या दुरुस्तीत हवेतले बाष्प वाढते किंवा घटते, पण ते कोठून आले याची नोंद कोणत्याच खात्यावर पडत नाही. शिवाय आपल्याकडचा ईआरए-५ मधील पाऊस मोजलेला नसून मॉडेलच्या अल्पमुदतीच्या अंदाजातून आलेला असतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सुमारे सातशे. या दोहोंमध्ये ईआरए-५ च्या ३१ किलोमीटरच्या चौकटी जेमतेम दोन बसतात आणि घाटमाथाही त्यात सपाट होऊन जातो. तुमच्या पाणलोटावर १ मिलिमीटर म्हणजे साधारण अर्धा टीएमसी (अब्ज घनफूट). पावसात १०० मिलिमीटरची चूक झाली तर ती ५२ टीएमसीची, म्हणजे जवळजवळ उजनीच्या संपूर्ण उपयुक्त साठ्याएवढी होते. म्हणून पावसासाठी मी भारतीय हवामान विभागाची, पर्जन्यमापकांवरून पाव अंशाच्या चौकटींत मांडलेली विदा घेतो आणि ईआरए-५ फक्त वारे व बाष्पवहनासाठी ठेवतो. विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो, हे दैनिक तुलना करताना विसरू नये. १२ किलोमीटरच्या चौकटींचे आयएमडीएए हे भारतासाठीचे पुनर्विश्लेषणही पाहावे, पण त्यातला पाऊसही मॉडेलचाच आहे.

आकडेमोड
धरणातल्या तुटीचे कारण मात्र हवामानात शोधू नका. मुळशी, ठोकळवाडी, शिरवटा, वळवण या धरणांचे पाणी घाट उतरवून भिरा, भिवपुरी व खोपोलीच्या वीजगृहांत नेले जाते. पाऊस भीमेच्या खोऱ्यात पडतो आणि पाणी कोकणात उतरते, याचा मॉडेलला पत्ताच नाही. खडकवासल्याच्या कालव्याचे आणि विहिरींतून उपसलेले पाणी उसावर जाते, तेही त्याला ठाऊक नाही. ईआरए-५-लँडमधील जमीन २८९ सेंटिमीटर खोल आहे, तिच्याखाली भूजल नाही आणि वर सिंचनही नाही. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात बागायती पट्ट्यातील बाष्पीभवन त्यात कमी येते. तुम्ही आधी जून ते सप्टेंबरचाच हिशेब मांडा, आणि पश्चिमेकडे वळवलेले पाणी व वरच्या धरणांतील साठ्याची वाढ धरणाच्या आवकेत मिळवून मगच तुलना करा.