"आमच्या टॅक्सवर फिरतात": नक्की कोणाच्या?

वहीखाते_शहापूर

परवा खानापूरहून बेळगावला येताना मच्छेच्या स्टॉपवर दोन बायका बसमध्ये चढल्या. हातात भाजीच्या बुट्ट्या. कंडक्टरने शक्ती योजनेचं, म्हणजे कर्नाटकात बायकांना फुकट बसप्रवासाचं, शून्याचं तिकीट दिलं. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मला ऐकवल्यासारखं म्हणाले, "आमच्या टॅक्सवर फिरतात सगळ्या." बायकांनीही ऐकलं असणार. एकीने पदर सावरला आणि उद्यमबाग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मीही गप्प बसलो. तेव्हा गिळलेलं आता इथे लिहितो.

मी शहापुरात चार-पाच दुकानांच्या वह्या लिहितो. घरी आल्यावर वडगावात यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि महिन्याची यादी विचारली. घरात येतात १४ हजार. गाडीला दहा लिटर पेट्रोल. पेट्रोल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, वर राज्याचा २९.८४ टक्के विक्रीकर. २०२५ च्या भावाने लिटरमागे ४५ रुपयांच्या आसपास करच होतो, म्हणजे दहा लिटरला साडेचारशे. मोबाईलच्या २९९ च्या रिचार्जमध्ये ४६. धुण्याची पावडर अजून १८ टक्क्यांतच आहे, तिचे ३१. गॅस, गोडेतेल, साबण, चहापूड ५ टक्क्यांत, मिळून शंभरेक. तांदळाच्या पोत्याचे ७१. बेरीज सातशेच्या घरात. त्याला कोणी करदाता म्हणत नाही. तो स्वतःही म्हणत नाही.

आता ते बॅगवाले. पगार वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर २०२५ च्या बजेटनंतर नव्या पद्धतीत त्यांचा प्राप्तिकर शून्य. म्हणजे शून्याचं तिकीट त्यांच्याही खिशात होतं.

आणि खरे श्रीमंत तर त्या बसमध्ये नव्हतेच. ज्याचे ५० कोटींचे शेअर दहा वर्षांत १०० कोटींचे झाले, त्याने विकले नाहीत तोवर त्या ५० कोटींवर कर नाही. पैसे लागले तर शेअर तारण ठेवून कर्ज. मेल्यावर पोरांना फुकट, कारण वारसा कर १९८५ ला गेला आणि संपत्ती कर २०१५ ला. संपत्ती कर परत आणावा असं माझं मत. बोला.

टिळकवाडीचा_सीए

वहीखाते, तुमचा राग समजतो, पण हिशेब अर्धा आहे.

पहिलं, पोतं. पॅकबंद धान्यावर ५ टक्के लागतात ते २५ किलोपर्यंतच्या पिशवीला. महिन्याचं पोतं ३० किलोचं घेत असेल तर जीएसटी नाही, सुट्यालाही नाही. २०२२ च्या जुलैत नियम आला आणि पाठोपाठ बाजारात २६ किलोची पोती आली, आठवतं का? भाजी, सुटं दूध, सुटं धान्य, साध्या बसचं तिकीट, सगळं करमुक्त. गरिबाचा जास्त खर्च तिथेच होतो.

दुसरं, संपत्ती कर. १९५७ ला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ कॅल्डॉर यांच्या सल्ल्याने आणला. २०१३-१४ मध्ये देशभरातून जमले १००८ कोटी. कोर्टकज्जे, मूल्यांकनाची भांडणं, अधिकाऱ्यांचा वेळ धरा आणि काय उरलं ते सांगा. जेटलींनी तो काढला तेव्हा एक कोटीवरच्या उत्पन्नाला २ टक्के अधिभार वाढवला, त्यातून जास्त यायला लागले. वारसा कराचंही तेच. दर ८५ टक्क्यांपर्यंत, आणि वसुली वीसेक कोटी. व्ही. पी. सिंग यांनी उगाच नाही काढला.

तिसरं, "पोरांना फुकट" हे खरं नाही. वारशाने आलेला शेअर पोराने विकला की नफा बापाच्या मूळ खरेदी किमतीपासून मोजतात. अमेरिकेत ती किंमत मेल्याच्या तारखेला नवी होते, आपल्याकडे नाही. कर पुढे ढकलला जातो, माफ होत नाही.

मलप्रभाकाठची

सीए साहेब, संपत्ती करातून १००८ कोटीच का जमले तेही सांगा की. १९९३ पासून शेअर त्यातून वगळले होते. उरलं काय? जादाचं घर, दागिने, गाडी, शहरातली मोकळी जागा. श्रीमंतांची संपत्ती जिथे आहे ते दार उघडं ठेवायचं, मागच्या दाराला कुलूप लावायचं आणि चोर सापडत नाही म्हणून पहारेकऱ्याला काढून टाकायचं!

आणि विकल्यावर तरी किती भरतात? शेअरचा दीर्घ मुदतीचा नफा १२.५ टक्के, अधिभार-उपकर धरून १५ च्या आत. पाच कोटी पगार असणाऱ्याला ३९. म्हणजे घाम गाळून, निदान खुर्चीत बसून, कमावलं तर ३९ आणि पडून पडून वाढलं तर १५.

मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. माझा कर पगारातून आधीच कापतात. ढकलायची सोय मला कोणी दिली नाही.

उद्यमबागकर

इथे "श्रीमंत" म्हणजे कोण, ते एकदा ठरवा. माझी फाउंड्री आहे, ४० माणसं कामाला. गल्लीत मला श्रीमंतच म्हणतात. दिवाळीला बोनस मागायला येणारे, गणपतीला वर्गणी मागायला येणारे, सगळे.

आमची भागीदारी संस्था, वडिलांच्या वेळेपासून. नफ्यावर सरळ ३० टक्के, उपकर धरून ३१.२. पहिल्या रुपयापासून, स्लॅब नाही, सूट नाही. आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा दर आणला २२ वर, सगळं धरून २५.१७. ज्या मोठ्या कंपनीला मी कास्टिंग देतो ती २५ भरते, आणि माझं बिल तीन-तीन महिने अडकवते. जीएसटी मात्र मी बिल फाडलं त्याच्या पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे आलेले असोत नसोत.

उद्या संपत्ती कर आणलात तर त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. सापडणार मीच. माझी जमीन, शेड, फर्नेस उघड्यावर आहे, उचलून दुबईला नेता येत नाही. मागचं मंदीचं वर्ष निघालं तेव्हा एकालाही घरी पाठवलं नाही मी. ते कुठल्या वहीत लिहिता?

वहीखाते_शहापूर

उद्यमबागकर, तुम्ही माझ्या विरोधात लिहिलंत आणि माझाच मुद्दा सांगितलात. तुम्ही ३१ आणि ते २५. सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं की या कपातीने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी कमी येतील. ती तूट भरली कोणी? २०२५-२६ च्या बजेटमध्ये सरकारच्या रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे, जीएसटीचे १८, कंपनी कराचे १७. म्हणजे पगारदार आणि किराणा घेणारा, दोघेही कंपन्यांच्या पुढे.

उद्यमबागकर

मुद्दा तुमचा नाही, माझाच आहे. त्यांच्यावर वाढवा म्हणून मी सांगत नाही. माझा २५ वर आणा म्हणतो.

ऊसकरी_चिकोडी

शेवटी गाडी शेतकऱ्यावर येणार म्हणून वाट बघत बसलोय. शेतीला प्राप्तिकर नाही, हे कोणीतरी काढणारच. त्याआधी माझं ऐका.

२०२५-२६ ला उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, टनाला ३५५० म्हणून पेपरात आलं. ती सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच कापून. हातात काय पडतं ते २०२५ च्या नोव्हेंबरात ऊसदरासाठी गुर्लापूर क्रॉसवर धरणं धरून बसलेल्यांना विचारा. खतावर जीएसटी, फवारणीच्या औषधावर १८ टक्के. फाउंड्रीवाले अण्णा लोखंडावर भरलेला कर वजा करून घेतात, मला वजावट कुठली? ऊस करमुक्त, म्हणून मागचा भरलेला कर माझ्याच गळ्यात.

आणखी एक. सहकारी कारखान्यांनी सभासदाला ठरल्या भावापेक्षा टनाला चार पैसे जास्त दिले, तर प्राप्तिकर खातं म्हणायचं, हा खर्च नव्हे, नफा वाटलात, कर भरा. वर्षानुवर्षं नोटिसा. २०२३ च्या बजेटात सुटका झाली, दहा हजार कोटींच्या आसपास सवलत सांगितली. इतकी वर्षं ती टांगती तलवार कोणाच्या डोक्यावर होती? शेअरवाल्याच्या?

टिळकवाडीचा_सीए

ऊसकरी अण्णा, तुमच्या दोन-चार एकराला कोण हात लावतंय? पण ३० एकर द्राक्ष-ऊसवाला आणि शहरात धंदा करून कागदावर शेतकरी झालेला, यांचं काय? के. एन. राज समितीने १९७२ लाच मोठ्या जमिनीवर कर सुचवला होता. शेती उत्पन्नाचा कर राज्यांच्या हातात आहे आणि कुठल्या आमदाराची छाती होत नाही. माझ्याकडे येणारे काही जण न पटणारी "वांग्याची कमाई" दाखवायला सांगतात. मी नाही म्हटलं की दुसरीकडे जातात.

ऊसकरी_चिकोडी

त्या वांगीवाल्यांना धरा की मग. ते तुमच्याच टिळकवाडीत राहत्यात.

निपाणीकर

सीमेवर राहणाऱ्यांना कर समजून घ्यायला पुस्तक लागत नाही. कोगनोळी नाक्याच्या अलीकडच्या पंपांवर एमएच-०९ च्या गाड्यांची रांग बघा. लिटरमागे काही रुपये वाचतात म्हणून कागलची माणसं इकडे येतात. म्हणजे कर टाळणं हा माणसाचा धर्म, फक्त गरीब दोन रुपयांसाठी गाडी फिरवतो आणि श्रीमंत कंपनीच फिरवतो.

आमच्याकडे बिडी वळणाऱ्या बायकांची पिढीच्या पिढी गेली. बिडीवर २८ टक्के जीएसटी होता, २०२५ ला १८ चा निर्णय झाला. तेंदूपानावर ५. कर ग्राहक भरतो म्हणतात, पण माल महागला की हजार बिड्यांच्या मजुरीवरच पहिली कात्री. त्यांच्या पोरांनी कर भरला की नाही, सांगा आता.

जांबोटीचा_वारा

हे सगळं नंतर. आधी सीमाप्रश्न. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, महाराष्ट्रात गेलो असतो तर

मलप्रभाकाठची

दादा, प्रत्येक धाग्यात? महाराष्ट्रात गेलो असतो तर पेट्रोल महाग मिळालं असतं, एवढं वर निपाणीकरांनी सांगितलंय. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला भेटू, मी दरवर्षी येते. आज कराचं बोला.

बेंगळुरात_बेळगावी

बाहेर राहून वाचतोय, एक सांगू का? इथे ऑफिसात मला "उत्तर कर्नाटकवाले आमच्या टॅक्सवर जगतात" असं तोंडावर म्हणतात. नंजुंडप्पा समितीने २००२ ला मागास तालुक्यांची यादी दिली, त्यांना पैसे द्यायचे म्हटलं की इथे कपाळावर आठ्या. आणि हेच लोक २०२४ च्या फेब्रुवारीत "नन्न तेरिगे, नन्न हक्कु" (माझा कर, माझा हक्क) म्हणून दिल्लीत धरणं धरणाऱ्या मंत्र्यांना टाळ्या देत होते, कारण पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करातला कर्नाटकाचा वाटा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आणला. म्हणजे बेंगळूर बेळगावला म्हणतं, कर्नाटक उत्तर भारताला म्हणतं, आणि बॅगवाले भाजीवालीला. प्रत्येकाला आपल्या खालचा फुकट्या दिसतो. वरचा दिसत नाही, तो ढगात असतो.

तरी वहीखाते, मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगारातून वर्षाला सात-आठ लाख कर जातो. रस्त्यात खड्डा, पोराच्या शाळेची फी लाखांत, दवाखाना खाजगी. चिडचीड होते. ती बाईवर काढणं चूक, पण चिडचीड खोटी नाही.

वहीखाते_शहापूर

बेंगळुरात_बेळगावी, खोटी कोण म्हणतंय. उलट तुमच्याकडूनच ३० टक्के घेतात, हेच तर रडगाणं.

अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये काढलेला आकडा आहे: २०२२-२३ ला देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे ४० टक्के संपत्ती. सीए साहेब म्हणतील, अंदाज आहे, सर्व्हे आणि श्रीमंतांच्या याद्या जोडून केलेला. म्हणा. २० टक्के कमी धरा, तरी उरतं ते थोडं नाही.

टिळकवाडीचा_सीए

म्हणणारच होतो, तोंडातलं काढलंत. पण असमानता नाही असं मी कधी म्हटलं? मी म्हणतो तुमचं औषध चालत नाही, दोनदा पाजून बघितलंय. १९७३-७४ ला वरचा दर ९७.७५ टक्के होता. श्रीमंत कमी झाले का? दोन नंबरची वही जास्त झाली. आजही रिंगरोडच्या आसपास गुंठा विकताना कागदावर सरकारी भाव आणि बाकी पिशवीत. नवा कर लावण्याआधी ती पिशवी पकडा. तेवढ्यावर तुमच्या भाजीवालीच्या बसचं डिझेल निघेल.

मलप्रभाकाठची

साहेब, पिशवी पकडा म्हणता, आणि पिशवी देणारा-घेणारा दोघंही तुमचेच क्लायंट.

टिळकवाडीचा_सीए

ताई, सगळे नाहीत. अर्धे.

उद्यमबागकर

एक शंका. वहीखाते, तो बसमधला माणूस लॅपटॉपवाला होता म्हणता. खानापूरहून बसने येतो म्हणजे गाडी परवडत नाही. त्याला श्रीमंतांच्या रांगेत बसवून तुम्हीही तेच केलंत ना, जे त्याने त्या बायकांशी केलं?

वहीखाते_शहापूर

हे लागलं. खरे श्रीमंत त्या बसमध्ये नव्हते असं मीच वर लिहिलं होतं, पण त्याआधी त्याच्या शर्टावर चिखल उडवून मोकळा झालो.

सीए साहेबांची दुरुस्तीही मान्य. वडगावला परत फोन केला. पोतं ३० किलोचंच घेतात. ७१ वजा केले, ६३३ राहिले. तो म्हणाला, "एवढा हिशेब कशाला करूलास? शनिवारी पगार झाला की पेट्रोल टाकून येतो, तेव्हा विचार."